लवंग, ओवा, गवती चहाची तेलं आणि बागेतली बुरशी

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराने विचारलं आहे: "डाळिंबाच्या भगवा वाणाची चार एकर बाग आहे, शेजारी एक एकर द्राक्ष. बुरशीनाशकांचा खर्च झेपत नाही आणि माल बाहेर पाठवायचा म्हटलं की रेसिड्यूची, म्हणजे फळात राहणाऱ्या औषधाच्या अंशाची धास्ती. लवंग, ओवा, गवती चहा यांच्या तेलाने बुरशी मरते असं सगळीकडे ऐकायला मिळतं. तेल्या, मर आणि फळांवरचे डाग, यावर ही तेलं चालतील का? प्रमाण किती घ्यायचं? घरी काढता येतील का?"

बुरशी मरते, ही गोष्ट खरी आहे. पण तुम्ही विचारलेल्या तीन रोगांपैकी एका रोगावरच ही तेलं काही कामाची आहेत, तीही अटी पाळल्या तर. तेल्या (फळांवर तेलकट डाग पडणं) आणि मर (झाड वाळून जाणं) यांच्यासाठी तेलावर एक रुपयाही घालू नका. फळांवरच्या डागांसाठी आणि द्राक्षावरच्या भुरीसाठी (पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीसाठी) मात्र जरूर विचार करा. असं का, ते नीट समजून घेतलंत तर उद्या कुणी नवीन बाटली घेऊन बांधावर आला तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी कोणत्या तेलांबद्दल बोलतोय ते स्पष्ट करतो. कडुनिंब, करंज, एरंडेल ही बिया दाबून काढलेली स्थिर तेलं. ती हवेत उडत नाहीत. लवंग, ओवा, दालचिनी, गवती चहा, रोशा गवत यांची तेलं वाफेवर काढतात आणि ती उडून जातात, म्हणून त्यांना बाष्पनशील तेलं म्हणायचं. दोघांचं काम करण्याचं तंत्र वेगळं आहे, त्यामुळे निंबोळी तेलाचा अनुभव इथे लावू नका. लवंगेच्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं. ओव्याच्या तेलात साधारण निम्मा भाग थायमॉल. गवती चहात ७० ते ८५ टक्के सिट्रल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, रोशा गवतात जिरॅनिऑल. बुरशीशी झुंजतात ते हे घटक. (ओव्याचा हा गुण जुना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीचे कारखाने आपल्याकडून ओवा नेऊन त्यातून थायमॉल काढत असत.)

हे रेणू लहान असतात आणि स्निग्ध पदार्थात सहज मिसळतात. बुरशीच्या पेशीभोवतीचं पातळ आवरण स्निग्धच असतं, एर्गोस्टेरॉल नावाच्या घटकाने बांधलेलं. तेलाचे रेणू त्या आवरणात शिरून ते सैल करतात, आतले पोटॅशियमसारखे क्षार बाहेर झिरपायला लागतात आणि पेशीचा कारभार बंद पडतो. बीजाणू रुजत असताना हे आवरण सगळ्यात नाजूक असतं. म्हणून तेलाचा खरा उपयोग बीजाणू रुजण्याच्या वेळी, म्हणजे रोग दिसायच्या आधी किंवा अगदी पहिला ठिपका दिसल्यावर. डाग पसरून फळ काळं पडल्यावर मारलेलं तेल वाया जातं.

याच तंत्रात दोन गोष्टी दडलेल्या आहेत, एक आपल्या फायद्याची आणि एक धोक्याची. फायद्याची अशी की तेल पेशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं. स्ट्रोबिल्युरिन गटातली बुरशीनाशकं एकाच ठिकाणी घाव घालतात, म्हणून द्राक्षावरचे केवडा (डाऊनी मिल्ड्यू) आणि भुरी हे दोन्ही रोग जगभर त्यांना सरावले. तेलाला बुरशी सरावण्याची भीती त्या मानाने फार कमी.

धोक्याची गोष्ट अशी की झाडाच्या पेशीलाही स्निग्ध आवरणच असतं. बुरशी मारणारं प्रमाण आणि पान जाळणारं प्रमाण यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. अमेरिकेत लवंगेचं तेल सेंद्रिय तणनाशक म्हणून विकलं गेलं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. 'नैसर्गिक आहे, जास्त झालं तर काय बिघडतं' असं म्हणणाऱ्याच्या हातात पंप देऊ नका.

आता प्रयोगशाळा आणि बाग. कृषी महाविद्यालयातल्या कोणत्याही रोगशास्त्र विभागात जाऊन बघा. काचेच्या बशीत बटाट्याच्या अर्काचं आगर माध्यम ओततात, त्यात ०.०५ ते ०.१ टक्का ओव्याचं किंवा दालचिनीचं तेल मिसळतात, मध्ये बुरशीचा तुकडा ठेवतात. आठवडाभराने बघावं तर बुरशी पुढे सरकलेलीच नसते. हे निष्कर्ष खरे असतात, त्यात लबाडी नाही. पण ती बशी झाकलेली असते. तेलाची वाफ आतच कोंडून राहते आणि सात दिवस बुरशीला श्वास घेऊ देत नाही. शिवाय तिथे ऊन नाही, वारा नाही, दव नाही, आणि जळायला पानही नाही.

आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत पानावर बसलेलं तेल काही तासांत निम्म्याहून जास्त उडून जातं, राहिलेलं उन्हाच्या अतिनील किरणांनी खराब होतं. आंतरप्रवाही गुण त्यात नाही. म्हणजे जिथे थेंब पडला तिथेच आणि तेवढाच वेळ काम. युरोपात या अडचणीवर उत्तर काढलं गेलं. ब्रिटनच्या ईडन रिसर्च कंपनीचं मेव्हालोन हे उत्पादन बघा. युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल हे तीन घटक यीस्टच्या पोकळ पेशीभित्तिकेत कोंडलेले असतात, पानावर ओल आली की ते हळूहळू बाहेर येतात. द्राक्षावरच्या राखाडी बुरशीसाठी ते तिकडे वापरतात. केळीवरच्या काळ्या सिगाटोका या पानांच्या करपा रोगासाठी इस्राएली कंपनीचं टी ट्री तेलाचं उत्पादनही असंच नीट बांधणी केलेलं आहे. ही नावं खरेदीसाठी देत नाही. सांगायचं एवढंच की जिथे तेलांनी शेतात खरोखर काम केलं तिथे तेलाइतकीच त्याच्या बांधणीची करामत आहे. अत्तरवाल्याकडून आणलेली बाटली ड्रममध्ये ओतली की तोच परिणाम मिळेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

आता तुमचे रोग एकेक करून घेऊ.

तेल्या हा बुरशीचा रोगच नाही. तो झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो. बशीत ही तेलं त्या जिवाणूलाही रोखतात, म्हणूनच काही जण तेल्यावर तेल सुचवतात. पण बागेत तो जिवाणू पानाच्या आणि फळाच्या आत, खोडावरच्या चिरांमध्ये बसलेला असतो. पावसाच्या शिंतोड्यांनी, छाटणीच्या कात्रीने, आजारी बागेतून आणलेल्या रोपांनी तो पसरतो. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये सगळ्यात जास्त पाऊस होतो आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी धरलेल्या बहाराची फळं नेमकी तेव्हा झाडावर असतात, म्हणून मृगात तेल्या जास्त छळतो. तेल्याचं उत्तर बहार बदलण्यात आहे, बागेला पुरती विश्रांती देण्यात आहे. प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करायची, रोगट फांद्या-फळं वेचून जाळायची, वेळच्या वेळी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) घ्यायचा. ज्यांच्या बागा तेल्यातून वाचल्या, त्यांनी ही कामं कंटाळा न करता केलेली मी पाहिली आहेत.

मर रोगाचं कारण बहुतेक वेळा सेराटोसिस्टिस ही बुरशी असते, कधी फ्युजेरियमही. मरायला लागलेल्या झाडाचं खोड आडवं कापून बघा, आत तपकिरी-काळे पट्टे चांदणीसारखे पसरलेले दिसतील. ही बुरशी पाणी वाहणाऱ्या नलिकांमध्ये असते. मुळाशी ओतलेलं तेल मातीच्या कणांना आणि सेंद्रिय पदार्थाला चिकटून बसतं, थोडं उडून जातं, आणि खोडात तर ते चढतच नाही. उलट कोवळी पांढरी मुळं भाजतात. सांगोल्यात गेल्या काही वर्षांत मर आणि खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा यांनी मिळून किती बागा उपटायला लावल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा वेळी माणूस काहीही करून बघायला तयार होतो आणि नेमका तेव्हाच त्याचा पैसा आणि हंगाम दोन्ही जातात. मर दिसली की डाळिंब संशोधन केंद्राची चालू शिफारस विचारून रोगट झाडाच्या आजूबाजूच्या निरोगी झाडांनाही आळवणी करा, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओता. मेलेलं झाड मुळासकट काढून जाळा, तो खड्डा लगेच भरून नवीन रोप लावू नका.

फळांवरचे डाग हा तुमचा तिसरा प्रश्न, आणि इथे तेलांना खरी जागा आहे. कोलेटोट्रिकम, सर्कोस्पोरा, अल्टरनेरिया या बुरश्या आणि स्कॅब, म्हणजे खपलीसारखे डाग पाडणारी बुरशी. यांचे बीजाणू फळाच्या सालीवर पडतात, ओल मिळाली की रुजतात आणि मग आत शिरतात. पडणं आणि शिरणं यांच्यामधला वेळ आपला. लिंबाएवढं फळ झाल्यापासून, पाऊस किंवा दव येण्याची चिन्हं असताना, शिफारशीतल्या दोन बुरशीनाशकांच्या फवारण्यांमधली एक जागा तेलाला देता येते. काढणी जवळ आली की रासायनिक औषधांच्या काढणीपूर्व प्रतीक्षा काळामुळे आपले हात बांधलेले असतात, तेव्हाही याचा आधार होतो. सगळं वेळापत्रक तेलावर टाकू नका. एक दोन फवारण्या वाचल्या तरी तुमचा रेसिड्यूचा ताण बराच कमी होईल.

एक रोग यातून वेगळा काढतो. बाहेरून फळ लालभडक आणि फोडल्यावर आतले दाणे काळे, हा प्रकार. ती अल्टरनेरिया फुलाच्या वेळीच आत गेलेली असते. फळावर नंतर काहीही मारलं तरी तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

द्राक्षाच्या एका एकरात भुरीवर हे तेल वापरून बघण्यासारखं आहे, किंबहुना सगळ्या पिकांत मला सगळ्यात जास्त भरवसा भुरीवरच वाटतो. भुरीची बुरशी जवळजवळ सगळी पानाच्या आणि मण्याच्या पृष्ठभागावर वाढते, फक्त शोषणारे अवयव वरच्या पेशीत रोवते. म्हणजे ती उघड्यावर असते आणि थेंबाच्या टप्प्यात येते. युरोपात संत्र्याच्या सालीचं तेल भुरीसाठी मंजूर आहे, ते याच कारणाने. बोरीवर, काकडीवर्गीय वेलींवर, पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीवर येणाऱ्या भुरीलाही हेच लागू. पॉलिहाऊसमध्ये तर वाफ थोडी कोंडून राहते, तिथे परिणाम आणखी बरा मिळतो.

केवड्यावर मात्र तेलाच्या भरवशावर राहू नका. केवडा ही खरी बुरशी नाही, तिचं कूळ वेगळं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला तर एका रात्रीत घड जातात. त्या दिवसांत जुगार खेळायची वेळ नसते.

द्राक्षाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मण्यावरची पांढुरकी मेणाची लव तेलाने विरघळते. बेदाणा करताना आपण माल डिपिंग ऑइलमध्ये बुडवतो तो नेमकं हेच करायला, मेणाचा थर मोडून पाणी लवकर बाहेर काढायला. खायच्या द्राक्षावर तसं झालं तर मणी लव गेल्यासारखे चकचकीत दिसतात, डाग उमटतात, व्यापारी दर पाडतो. मण्यात पाणी उतरल्यानंतर द्राक्षावर तेल नको. आणि गंधक? भुरीसाठी तुम्ही गंधक वापरत असालच. गंधक आणि तेल जवळजवळ आले की पानं भाजतात. खनिज तेलांबाबत ही खबरदारी सगळीकडे सांगतात. मी बाष्पनशील तेलांनाही तीच लावतो आणि दोन्हींत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगतो.

आता प्रमाण. सुरुवात अर्धा मिलि प्रति लिटरने करा, म्हणजे ०.०५ टक्का. एक मिलि प्रति लिटर ही मी वरची मर्यादा मानतो. लवंग आणि दालचिनी ही दोन्ही तेलं तिखट आहेत, कोवळ्या पालवीवर त्यांची मर्यादा अर्ध्या मिलिचीच धरा. एका बागेत लवंगेचं तेल पाच मिलि प्रति लिटरने भर दुपारी मारलेलं मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी शेंड्याची सगळी पालवी उकडल्यासारखी तपकिरी झाली होती. फवारणी ऊन उतरल्यावरच करायची, हवा ३० अंशांच्या खाली आली की. झाडाला पाण्याचा ताण असताना करायची नाही. आंबे बहारात, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी धरलेल्या बहारात, उन्हाळ्यात फळं झाडावर असतात, तेव्हा तर संध्याकाळशिवाय पंप बाहेर काढू नका. कुठलाही नवा डबा आला की आधी दोन-तीन झाडांच्या चार फांद्यांवर मारून तीन दिवस थांबा, मगच बागेत शिरा.

मिसळण्यात बहुतेकांचं चुकतं. तेल पाण्यात मिसळत नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, तरी ते ड्रममध्ये सरळ ओततात आणि काठीने ढवळतात. पाच मिनिटांत ते वेगळं होतं. गवती चहाचं आणि ओव्याचं तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. लवंग आणि दालचिनीचं पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतं. मग काही ओळींना नुसतं पाणी मिळतं आणि काही ओळींना जळजळीत तेल. शेतकरी म्हणतो तेलाचा गुण आला नाही आणि वर झाडंही जळाली. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात आणि कारण एकच असतं.

त्यासाठी इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात एकजीव करणारा पदार्थ लागतो. पॉलिसॉर्बेट ८०, ज्याला बाजारात ट्वीन ८० म्हणतात, तो सर्वांत सोपा. जेवढं तेल तेवढाच किंवा दीडपट ट्वीन आधी कोरड्या भांड्यात तेलाबरोबर घोटून एकजीव करा. मग थोडं थोडं पाणी घालत ढवळा, दुधासारखं पांढरं द्रावण होईल. ते ड्रममध्ये ओता आणि फवारणी संपेपर्यंत ढवळणं चालू ठेवा. वर तेलाचा तवंग दिसला तर ते द्रावण झाडावर जाऊ देऊ नका. इमल्सिफायरऐवजी साबण किंवा भांड्याचं लिक्विड वापरू नका. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यातल्या कॅल्शियमने साबण फाटतो आणि तेल मोकळं होतं. ट्वीन जड पाण्यातही तग धरतो. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर त्याहून उत्तम.

पानाच्या दोन्ही बाजू आणि फळाचा देठाकडचा, मुकुटाकडचा भाग भिजला पाहिजे, कारण तेल आत झिरपून पसरणार नाही. गुण टिकतो फार तर पाच-सहा दिवस, पाऊस झाला तर तेवढेही नाही. काम झाल्यावर पंप साबणाच्या पाण्याने धुवा, ही तेलं रबरी वॉशर फुगवतात. तेल काचेच्या गडद बाटलीत, सावलीत ठेवा. फवारताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. दालचिनीचं किंवा लवंगेचं शुद्ध तेल डोळ्यात गेलं तर डोळ्याला इजा होते. कातडीवर सांडलं तर भाजल्यासारखं होतं. घरात लहान मुलं असतील तर बाटली कुलपात.

ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी आणि सुडोमोनास हे मित्र जिवाणू वापरत असाल तर त्यांच्याबरोबर एकाच ड्रममध्ये तेल कधीही टाकू नका. तेलाला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. आठवड्याचं अंतर ठेवा आणि ड्रिपमधून तेल सोडूच नका. बहार फुलावर असतानाही तेल टाळा. थायमॉल मधमाश्यांच्या पेट्यांमध्ये वरोआ कोळीवर वापरतात, म्हणजे माशी त्याने लगेच मरत नाही, पण फुलांवर उग्र वास बसला की त्या बागेकडे फिरकत नाहीत. सेटिंगच्या, म्हणजे फळ धरण्याच्या दिवसांत ते परवडणारं नाही.

घरी काढता येईल का, या प्रश्नाचं उत्तर हिशोबानेच देतो. ओवा किंवा गवती चहा पाण्यात उकळून काढा करतात आणि तो फवारतात. उकळताना घरभर वास सुटतो, तो वास म्हणजेच तुमचं औषध उडून चाललेलं असतं. भांड्यात जे राहतं त्यात तेलाचा अंश अगदी थोडा. खरं तेल काढायला वाफेची भट्टी आणि थंड करणारी नळी लागते. ताज्या गवती चहातून वजनाच्या साधारण अर्धा टक्का तेल निघतं, चांगल्या वाणातून थोडं जास्त. मोठ्या झाडांच्या बागेला एकरी ४०० लिटर पाणी धरलं, लिटरला एक मिलि प्रमाण धरलं, तर चार एकराला एका फवारणीला १६०० मिलि तेल. त्यासाठी जवळजवळ ३०० किलो हिरवं गवत कापावं लागेल. बांधावर लावलेल्या चार ठोंबांतून हे होत नाही. गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून एकरभर लागवड केली आणि भट्टी एकत्र घेतली तर गणित बसू शकतं. लखनौच्या सीमॅप संस्थेने गवती चहाचे चांगले वाण काढले आहेत, कृष्णा हा त्यातलाच एक. गवती चहा आपल्या कोरड्या हवेत तगतो, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि तेलाला बाजारही आहे. म्हणजे बागेला लागलं तर लागलं, नाहीतर विकलं.

विकत घेणार असाल तर भेसळीची काळजी घ्या. लवंगेचं तेल महाग, म्हणून त्यात खनिज तेल किंवा दुसरं स्वस्त तेल मिसळण्याचा मोह फार. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. शुद्ध बाष्पनशील तेल बहुतांश उडून जातं. तेलकट, पारदर्शक डाग तसाच राहिला तर त्यात स्थिर तेल आहे असं समजा. लवंगेच्या तेलाचा एक थेंब पाण्यात बुडायला हवा. या चाचण्यांनी ढोबळ भेसळच कळते. मोठी खरेदी असेल तर विक्रेत्याकडे त्या बॅचचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागा आणि त्यात मुख्य घटकाची टक्केवारी बघा. अहवाल नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

तुमच्या रेसिड्यूच्या काळजीशी थेट जोडलेली गोष्ट आता सांगतो. 'वनस्पतिजन्य, शंभर टक्के नैसर्गिक बुरशीनाशक' अशा चिठ्ठ्या लावून जी उत्पादनं येतात त्यांच्यावर नोंदणी क्रमांक शोधा. रोगनियंत्रणाचा दावा करून विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय मंडळाची नोंदणी लागते. नोंदणी नसलेल्या काही 'जैविक' बाटल्यांमध्ये रासायनिक औषध मिसळलेलं निघालं आहे. दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो तो त्या रसायनाचा. मग तुमच्या मालाच्या तपासणीत तो अंश सापडतो आणि तुम्ही शपथेवर सांगता की मी तर फक्त लवंगेचं तेल मारलं. २०१० साली क्लोरमेक्वॅट या वाढरोधक रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली तेव्हा किती घरं हलली होती, ते द्राक्ष पट्ट्यातली जुनी माणसं सांगतील. त्यामुळे शुद्ध तेल आणून स्वतः मिसळणं किंवा नोंदणी असलेलं उत्पादन घेणं, या दोनच वाटा सुरक्षित आहेत. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर प्रमाणन संस्थेला आधी लेखी विचारा, इमल्सिफायरसकट.

तुम्ही विचारलं नाही, पण शेतापेक्षा ही तेलं बंद जागेत जास्त चांगलं काम करतात. वाफ कोंडून राहिली की थोड्या तेलात बशीतल्यासारखा परिणाम मिळतो. साठवणीतल्या धान्यावर आणि शेंगदाण्यावर येणारी ॲस्परजिलस बुरशी आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष, यावर बनारस हिंदू विद्यापीठात बरंच काम झालं आहे. कांद्याच्या उघड्या चाळीत काळ्या बुरशीवर याचा उपयोग नाही, कारण चाळ वारा खेळता राहावा म्हणूनच बांधलेली असते. खायच्या ज्वारीलाही लवंगेचा वास लागला तर भाकरी कोण खाणार? आणि पेरायच्या बियाण्याला तर हात लावू नका. ही तेलं बियांचं उगवणंही दाबतात. युरोपात साठवलेल्या बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून शहाजिऱ्यातला कार्व्होन वापरला गेला आहे, यावरून कल्पना करा. ज्वारीच्या दाणे काणीसाठी (दाण्यात काळी भुकटी भरणाऱ्या रोगासाठी) बियाण्याला किलोला ४ ग्रॅम ३०० मेश गंधक चोळण्याची जुनी शिफारस आहे. स्वस्त आहे, खात्रीची आहे, तिथे दुसरं काही शोधण्याची गरज नाही.

तुम्ही हे करून बघणारच असाल तर असं बघा की शेवटी काहीतरी कळेल. सगळी बाग एकदम तेलाखाली घेतली आणि डाग कमी आले, तर तेलाने आले की त्या वर्षी पाऊस कमी होता म्हणून, हे देवालाच माहीत. बागेच्या मध्यातल्या तीन ओळी निवडा. एकीला तुमचं नेहमीचं वेळापत्रक. दुसरीला तेल आणि ट्वीन. तिसरीला फक्त ट्वीन आणि पाणी. ही तिसरी ओळ कुणी ठेवत नाही, आणि खरी परीक्षा तिथेच होते, कारण भुरीसारखी बुरशी नुसत्या इमल्सिफायरने धुतली जाऊनही कमी दिसते. प्रत्येक ओळीतल्या ठरावीक झाडांवर रंगीत दोरी बांधून फळं निश्चित करा, आठवड्याला डाग मोजून वहीत लिहा, पानं भाजली का तेही लिहा. काढणीच्या वेळी तिन्ही ओळींचा माल वेगळा मोजा. एका बहारात तुमच्या जमिनीचं, तुमच्या पाण्याचं उत्तर तुमच्या हातात येईल, आणि ते माझ्या सांगण्यापेक्षा जास्त खरं असेल.

त्याआधी मात्र तुमच्या फळांवरचे डाग नेमके कशाचे आहेत ते तपासून घ्या. बुरशीचा आणि तेल्याचा डाग सुरुवातीला दिसायला फसवा असतो. तेल्याचा डाग पाणी मुरल्यासारखा तेलकट कडेचा असतो आणि पुढे इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी चीर जाते. शंका असेल तर सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सांगोल्याहून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत काम होतं. नमुना नेताना पूर्ण सडलेलं फळ नेऊ नका, त्यावर मागाहून आलेल्या बुरश्याच सापडतात. नुकताच डाग पडलेली चार-पाच फळं, डाग असलेली पानं आणि एखादी फांदी कोरड्या कागदात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून नमुना वाटेतच कुजतो. शेवटच्या महिन्याभरात काय काय फवारलंत त्याची चिठ्ठी सोबत ठेवा.